टॉनिक सिस्टरची झोप

आधीच सांगून ठेवते, माझा स्वभाव तापट आहे. मी मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर. पोरी मला पाठीमागे आग्यामोहोळ म्हणतात आणि त्यांना वाटतं मला ते माहीत नाही. मला सगळं माहीत असतं. तर अशा बाईने कुणाचं कौतुक करायला घेतलं, तर ते उगाच नसणार, एवढं धरून चाला.

आमच्या वरच्या मजल्यावर, जिना संपतो तिथेच आजारी मुलींची खोली आहे. दोन खाटा, औषधांचं लोखंडी कपाट, एक टेबल आणि हात धुवायचं बेसिन. टॉनिक सिस्टर तिथेच राहते. "डोकं दुखतंय, टॉनिक द्या" म्हणत गेलेल्या एकाही पोरीला तिने आजवर टॉनिक दिलेलं नाही, म्हणून तिचं नाव टॉनिक. पाणी कधी प्यालीस, सकाळी काय खाल्लंस, रात्री आडवी कधी झालीस, एवढं विचारते आणि बाटलीऐवजी पाण्याचा ग्लास हातात देते.

नवीन होती तेव्हा तिनेही शहाण्या माणसांसारखे भिंतीवर तक्ते लावले होते. भरपूर पाणी प्या, नाश्ता टाळू नका, रोज चाला, वेळेवर झोपा. पोरींनी त्यांच्या खिळ्यांवर ओले टॉवेल वाळत घातले. एका तक्त्यावर निरोगी मुलीचं चित्र होतं, तिला दोन दिवसांत मिशा फुटल्या. मी पोट धरून हसले. म्हटलं, "बाई गं, पालथ्या घड्यावर पाणी ओततेयस." तिने माझ्याकडे बघितलं, तक्ते काढले, आणि दुसऱ्या दिवशी जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसली. शेजारी पाण्याचं पिंप. वर जायचं असेल तर एक ग्लास पाणी प्यायचं, नाहीतर वाट नाही. पोरी कुरकुरल्या, चिडल्या, आणि आठवड्याभरात स्वतःच जिन्यातून ओरडायला लागल्या, "सिस्टर, टोल भरला हं." डोकेदुखीच्या गोळ्यांची बरणी भरलेली ती भरलेलीच राहायला लागली.

तिची रीतच अशी. रडत आलेल्या पोरीला ती म्हणायची, "आधी खा, मग रड. उपाशीपोटी रडलं की जास्त वाईट वाटतं." कुणाच्या मनात काही सलत असेल तर तिला खुर्चीत बसवायची नाही, मैदानाला फेऱ्या मारायला न्यायची. चालता चालता माणूस खरं बोलतं, असं तिचं म्हणणं. मी एकदा चिडून विचारलं, "तू नर्स आहेस की कवायतीची मास्तरीण?" ती म्हणाली, "तुलाही फेरी मारायला हवी. रक्तदाब बघितलास का स्वतःचा?" त्या दिवशी मी तिच्याशी बोलले नाही. दुसऱ्या दिवसापासून फेऱ्या मारायला लागले.

एकच गोष्ट तिला जमत नव्हती, आणि ती म्हणजे झोप. पोरींचीही आणि तिची स्वतःचीही. आमच्याकडे येण्याआधी ती एका मोठ्या रुग्णालयात होती. सगळ्यांना नकोशी असलेली रात्रपाळी ती मागून घ्यायची, कारण दिवसा घरी अंथरुणाला खिळलेली सासू होती. सासू गेली, मग नवरा गेला, मुलगी लग्न होऊन लांब गेली, पण रात्रीची झोप जी तुटली ती तुटलीच. रात्रभर बाई टक्क जागी. कुणी कण्हलं, कुणी कूस बदलली की ही पायाशी उभी. त्या काळात रुग्णांना म्हणायची ते वाक्य तिने इथेही आणलं होतं. तापाने फणफणलेली पोरगी असो की घरच्या आठवणीने हुंदके देणारी, हिचं ठरलेलं, "तू झोप. मी जागी आहे." मी तिला गमतीने म्हणायचे, "लोका सांगे ब्रह्मज्ञान." ती हसायची आणि विषय बदलायची.

आता रातकिड्याकडे येते, कारण सगळं घडलं ते तिच्यापायी. शेवटच्या वर्षाची पोरगी, अंगाने काडी, डोळ्यांखाली काळं. बाप ट्रक चालवायचा, आई लोकांचे कपडे शिवायची. ती रात्ररात्र जागून अभ्यास करायची, म्हणून मैत्रिणींनी नाव ठेवलं रातकिडा. झोप येऊ नये म्हणून बादलीत गार पाणी भरायची, त्यात पाय सोडून वाचत बसायची. कॉफीची पूड नुसतीच चमच्याने खायची. एवढं करून एका विषयात दोनदा नापास. विद्यापीठाचा नियम असा की तिसऱ्यांदा नापास झाली तर नाव कमी. म्हणजे पदवी गेली, आणि बापाने ट्रकच्या काचेवर ‘लेकीची कमाई’ असं आधीच रंगवून घेतलं होतं, तेही गेलं.

सिस्टरने तिला मैदानावर नेलं. मीही मागे होते, फेऱ्या मारत.

"गेल्या वेळी पेपरात किती लिहिलंस?" सिस्टरने विचारलं.

"झोप लागेपर्यंत लिहिलं," रातकिडा म्हणाली.

मला वाटलं चेष्टा करतेय. पण नाही, पोरगी खरंच पेपर लिहिता लिहिता झोपली होती. दोन्ही वेळा. पहिल्या वेळी पर्यवेक्षकांनी हलवून उठवलं, दुसऱ्या वेळी त्यांचं लक्ष गेलं तेव्हा घंटाच झाली. सगळं येत होतं, आणि उत्तरपत्रिकेवर तिच्या गालाचा ठसा होता. एवढं सांगून ती रडायला लागली. सिस्टर तिला तसंच चालवत राहिली.

त्याच संध्याकाळी सिस्टरने वरच्या मजल्यावरच्या सगळ्या पोरी जमवल्या. खालच्या वर्गांच्या परीक्षा संपून मुली घरी गेल्या होत्या, वसतिगृहात फक्त शेवटच्या वर्षाचा हा एकच मजला भरलेला होता. सिस्टरने फर्मान काढलं. परीक्षा संपेपर्यंत रोज जेवणानंतर सगळे फोन मुके करून तिच्याकडे द्यायचे, ती कपाटात कुलूपबंद करणार. सकाळी प्रत्येकीच्या दारावर टकटक करून तीच उठवणार. जी आधी जागी होईल तिने दुसरीला उठवायचं नाही, चप्पल हातात घेऊन चालायचं. आणि व्हरांड्यातलं भिंतीवरचं घड्याळही तिने काढून ठेवलं, कारण त्याच्याकडे बघून पोरींच्या छातीत धडधडतं म्हणे.

"आणि तुमचा फोन?" रातकिडा म्हणाली. सगळ्या हसल्या. सिस्टरने स्वतःचा फोन तिच्या हातात ठेवला, म्हणाली, "घाल कपाटात. मला कशाला गजर लागतोय, मी कुठे झोपते."

मी तिला बाजूला घेऊन सांगितलं, "कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच. या पोरी चादरीत दिवा लावून वाचतील." आणि खरंच, पहिल्या पेपराआधी कुजबुज, दुसऱ्याआधी एकीला भीतीने उलटी, तिसऱ्याआधी दोघींचं भांडण. पण बाई चिकाटीची. रात्रभर व्हरांड्यात येरझाऱ्या घालायची, दाराशी उभी राहून म्हणायची, "झोपा गं. मी जागी आहे." सकाळी ठरल्या वेळी टकटक. पोरींचे चेहरे बदलायला लागले. नाश्त्याला रांग लागायला लागली. रातकिड्याच्या डोळ्यांखालचं काळं फिकं पडलं, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, आणि तरी तोंडाने कबूल केलं नाही.

शेवटचा पेपर तोच होता, रातकिड्याचा दोनदा बुडालेला. आदल्या दिवशी माझ्या भावाने नव्या घरात राहायला गेल्याबद्दल जेवायला बोलावलं होतं. मी गेले, रात्री तिथेच राहिले आणि सकाळच्या बसने परत निघाले. बसला उशीर झाला. आभाळ भरून आलेलं, उजेड असा की सकाळ आहे की संध्याकाळ कळू नये. फाटकाशी आले तेव्हा सव्वानऊ झाले होते. पेपर दहाचा.

"पोरी गेल्या का?" मी चौकीदाराला विचारलं.

"नाही बाई. आज आवाजच नाही. वाचत असतील मन लावून."

आमच्या पोरी मन लावून वाचतात तेव्हाही त्यांच्या बादल्या वाजतात. मी जिना कसा चढले मला आठवत नाही. वरचा व्हरांडा सामसूम. सगळी दारं बंद. एका दाराआडून घोरण्याचा आवाज येत होता, चांगला खणखणीत. मी आजारी मुलींच्या खोलीचं दार ढकललं.

टॉनिक सिस्टर झोपली होती. खुर्चीत, डोकं कपाटाला टेकलेलं, तोंड किंचित उघडं, मांडीवर अर्धी घडी केलेली चादर. आणि तिच्या डोक्यामागे ते लोखंडी कपाट गुणगुणत होतं, कारण आतले सगळ्या पोरींचे मुके फोन गजराने थरथरत होते. इतक्या वर्षांत मी या बाईला झोपलेलं कधी बघितलं नव्हतं. खरं सांगते, एक क्षण मला तिला उठवावंसं वाटेना. मग मी तिला गदागदा हलवलं.

तिने डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं. "किती वाजले?"

"सव्वानऊ होऊन गेले."

तिचा चेहरा पांढराफटक पडला. पण अर्धा श्वाससुद्धा वाया घालवला नाही बाईने. टेबलावरचा स्टीलचा ट्रे उचलला, कात्री उचलली आणि व्हरांड्यात जाऊन असा ठणाणा केला की कबुतरं उडाली. मी किल्ल्यांच्या जुडग्याने दारं बडवत सुटले. माझा आवाज कधी नव्हे तो कामाला आला.

दारं उघडली आणि एकच धांदल उडाली. मग कळलं, यांच्यातल्या निम्म्या पोरी तर आधीच जाग्या होऊन पुन्हा झोपल्या होत्या. घड्याळ नाही, फोन नाही, बाहेर अंधारलेलं, सिस्टरची टकटक नाही, म्हणजे अजून वेळ आहे असं प्रत्येकीला वाटलं. एक शहाणी तर चप्पल हातात घेऊन न्हाणीघरात जाऊन आली. जाता जाता तिला सिस्टर झोपलेली दिसली. तिने विचार केला, ज्या अर्थी सिस्टरसुद्धा झोपल्यात त्या अर्थी पहाटही झालेली नाही, आणि त्यांची झोपमोड नको म्हणून तिने खोलीचं दार अलगद ओढून घेतलं. काय बोलणार. एकमेकींची काळजी करता करता अख्खा मजला बुडायला निघाला होता.

"कुणी आंघोळ करायची नाही," सिस्टर ओरडत होती. "तोंड धुवा, हॉल तिकीट घ्या, पेन घ्या. प्रत्येकीने एक केळं आणि पाणी, चालता चालता. घाबरू नका, नीट चाललात तरी पोचाल." केळ्यांचा घड तिने आदल्या दिवशीच आणून ठेवला होता. ती जिन्याच्या तोंडाशी उभी राहून केळी वाटत होती आणि त्या घाईतही एकीने ग्लास रिकामा करून सवयीने म्हटलंच, "टोल भरला."

रातकिडा नव्हती त्यांच्यात. मी तिच्या खोलीत धावले. पोरगी भिंतीकडे तोंड करून गाढ झोपलेली. एवढा ठणठणाट झाला, पण ही ढिम्म हलली नाही. मी हलवलं, पाणी मारलं, तेव्हा उठून बसली. वेळ ऐकली आणि पाय पोटाशी घेऊन जमिनीवरच बसली.

"मी पहाटे उठून शेवटचं प्रकरण वाचणार होते," ती म्हणाली. "मी काहीच वाचलेलं नाही. मी जात नाही. नापासच व्हायचंय तर इथेच होते."

सिस्टर दारात आली होती. ती रातकिड्यासमोर खाली बसली. "मी उठवीन म्हणाले होते आणि मी उठवलं नाही. ती माझी चूक, तुझी नाही. मला काय बोलायचं ते नंतर बोल. आता चल."

"मला काही आठवत नाहीये, सिस्टर."

माझा पारा चढला. "ए पोरी," मी म्हटलं, "दोनदा सगळं वाचून गेलीस, काय दिवे लावलेस? यंदा झोपून जा. बघू तरी काय होतं ते. आणि माझ्यासारखी जाडी बाई तुझ्याबरोबर धावायला तयार आहे, तर तुला काय धाड भरलीय?"

तिने माझ्याकडे बघितलं आणि तिला हसू फुटलं. रडता रडता हसली. सिस्टरने तेवढ्यात तिच्या पायात चप्पल सरकवली.

आणि मग आम्ही निघालो. पोरी पुढे, हातात केळी, कुणाच्या गालावर टूथपेस्ट, कुणाचा कुर्ता उलटा. परीक्षेची इमारत मैदानाच्या पलीकडे. रस्त्याने वळसा पडतो म्हणून आम्ही सरळ मैदानातून घुसलो. माळ्याने हिरवळीवर पाण्याचे फवारे सोडले होते. तो "अहो, अहो" करत राहिला आणि आम्ही सगळ्या त्या फवाऱ्यांतून भिजत आरपार. माझ्या चपलेचा अंगठा तुटला, ती मी हातात घेतली. सिस्टर रातकिड्याचा हात धरून धावत होती आणि धावता धावता तिला सांगत होती, "नाकाने श्वास घे. तोंड मीट. नाकाने." मला इतकी मजा कितीतरी वर्षांत आली नव्हती, आणि भीतीही तेवढीच वाटत होती. दोन्ही एकाच वेळी वाटू शकतं, हे मला त्या दिवशी कळलं.

आम्ही पोचलो तेव्हा शिपाई दार ओढत होता. मी त्याच्याकडे एकदाच बघितलं. आग्यामोहोळाचं नाव उगाच पडलेलं नाही. त्याने दार धरून ठेवलं. एकेक करून सगळ्या आत गेल्या. रातकिडा सगळ्यात शेवटी गेली, केस ओले, हातात अर्धं केळं. ते तिने सिस्टरच्या हातात दिलं आणि आत पळाली. घंटा झाली.

आम्ही दोघी पायऱ्यांवर बसलो.

"आज जर ती नापास झाली," सिस्टर म्हणाली, "तर मी राजीनामा देणार."

"देशील तेव्हा बघू. झोपलीस कशी पण?"

ती हातातलं अर्धं केळं बघत होती. "काल मी नेहमीसारखी फेरी मारली. कुणी कुजबुजत नव्हतं. कुणी कण्हत नव्हतं. सगळ्या दारांशी कान लावला, सगळ्या झोपलेल्या. रातकिडासुद्धा. मी खुर्चीत येऊन बसले आणि मला वाटलं, आज कुणालाच माझी गरज नाही. जरा डोळे मिटते. एवढंच आठवतंय गं."

मी तिच्या हातातलं केळं घेऊन खाल्लं, कारण सकाळपासून माझ्याही पोटात काही नव्हतं.

तीन तास आम्ही तिथून हललो नाही. शिपायाने चहा आणून दिला. मधूनमधून सिस्टर उठून काचेच्या दाराशी जायची, टाचा उंचावून आत बघायची आणि परत यायची. "मान खाली आहे तिची," एकदा म्हणाली आणि छातीवर हात ठेवून उभी राहिली. मी जाऊन बघितलं. मान खाली होती, पण हात चालत होता. "लिहितेय," मी म्हटलं. "डोळे तपासून घे स्वतःचे." ती माझ्या खांद्याला धरून उभी राहिली.

घंटा झाली. पोरी बाहेर आल्या, सगळ्या एकदम बोलत. रातकिडा शेवटी आली. बोटांना शाई, केस वाळून उभे राहिलेले.

"काय झालं?" सिस्टरने विचारलं.

"पुरवणी घेतली," रातकिडा म्हणाली. "दोन पुरवण्या घेतल्या. शेवटचं प्रकरण आलंच नव्हतं, आणि बाकी सगळं आठवत होतं. मी आधी घाबरून बसले, मग पहिला प्रश्न वाचला आणि सुरूच झालं. सिस्टर, झोपच आली नाही हो. मी वाट बघत होते, आता येईल, आता येईल. आलीच नाही."

सिस्टरने रातकिड्याची नाडी बघितली, अगदी खरोखर, मनगट धरून. मग ती तिथेच पायरीवर बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. पोरी भोवती उभ्या राहिल्या. एकजण म्हणाली, "आधी खा, मग रडा." सिस्टर रडता रडता हसायला लागली.

निकाल पुढे लागला, रातकिडा चांगल्या गुणांनी पास झाली, आणि बापाचा ट्रक एके दिवशी आमच्या फाटकाशी उभा राहिला तो काचेवरचा रंग नव्याने देऊनच. पण मला सांगायचंय ते त्याच दुपारचं.

जेवणं झाली. पोरींच्या सामानाच्या पेट्या व्हरांड्यात आल्या, आरडाओरडा सुरू झाला, संध्याकाळी सगळ्या घरी जाणार होत्या. मी चपलेला टाके घालायला सुई मागावी म्हणून सिस्टरच्या खोलीकडे गेले. दाराबाहेर चपला हातात घेतलेल्या तीनचार पोरी उभ्या होत्या आणि त्यांनी तोंडावर बोट ठेवून मला थांबवलं. मला, रेक्टरला. मी डोकावले.

सिस्टर खाटेवर आडवी होती. खुर्चीत नाही, खाटेवर, उशी घेऊन. भिंतीवरून काढलेलं ते व्हरांड्यातलं घड्याळ उशाशी उभं करून ठेवलेलं. रातकिडा खुर्चीत बसली होती, पाठ ताठ, डोळे टक्क उघडे. तिने चादर सिस्टरच्या खांद्यापर्यंत ओढली.

"मुलींना निरोप द्यायचाय गं," सिस्टर डोळे मिटून पुटपुटली. "पाच वाजता त्या निघणार."

"तुम्ही झोपा, सिस्टर," रातकिडा म्हणाली. "मी जागी आहे."